दोनातेलाबाईंचा दिवा

मिलानच्या एका म्युझियमची ईमेल आली तेव्हा मी गच्चीवर गहू वाळत घालून, माकडांसाठी हातात काठी घेऊन बसलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या ईमेलीचं उत्तर मी तिथूनच पाठवलं, काठी मांडीवर आडवी ठेवून आणि एक डोळा माकडांवर ठेवून. खाली येऊन टेबलाशी बसलो असतो तर कदाचित खरं लिहिलं असतं.

ईमेलीत असं होतं की १९८६ साली काशीच्या रामघाटावर तुमचे वडील सोमनाथशास्त्री पुणतांबेकर यांच्याकडे संस्कृत शिकायला राहिलेल्या दोनातेला या बाई आता मोठ्या डिझायनर आहेत. त्या दशकात त्यांनी केलेले दिवे, म्हणजे भडक रंगांचे आणि भूमितीच्या तासाला गैरहजर राहिल्यासारख्या आकारांचे, हल्ली जगभरचे शौकीन लोक शोधून शोधून जमवतात. काशीत असताना त्यांनी एकच दिवा केला आणि निघताना तो गुरुजींकडे ठेवला. तो अजून आहे का? असल्यास कोणत्या स्थितीत आहे? पुढच्या महिन्यात बाई स्वतः म्युझियमच्या एका अधिकारी मुलीला घेऊन तो बघायला येऊ इच्छितात, आणि प्रदर्शनासाठी वर्षभर मागून न्यायचा विचार आहे.

मी लिहिलं, "दिवा आमच्याकडे आहे. उत्तम स्थितीत आहे. रोज वापरात आहे."

यातलं तिसरं वाक्य अक्षरशः खरं होतं. दिवा रोज वापरात होता. फक्त तो तीन वेगवेगळ्या घरांत वापरात होता, आणि दिवा म्हणून कुठेच नव्हता.

बाई आमच्याकडे होत्या तेव्हा मी गोरखपूरला भूगोलाचा मास्तर होतो. दिवाळीत एकदा काय ती भेट झाली. गलीतल्या लोकांना त्यांचं नाव उच्चारता येईना म्हणून त्यांचं 'दोनतेल' झालं, आणि माझी आई शेवटपर्यंत असं धरून चालली होती की त्यांच्याकडे इटलीत तेलाचा घाणा असावा. मी बदली घेऊन परत आलो तोवर त्या गेलेल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात तो दिवा उभा होता. खाली गुडघाभर उंचीचा पिवळाजर्द ढोल, त्यावर भोकंच भोकं पाडलेली निळी चकती, त्यावर खोजवा मोहल्ल्यातल्या लाकडी खेळणीवाल्यांकडून करवून घेतलेला लाल-काळ्या-पांढऱ्या कड्यांचा लाखेचा खांब आणि टोकाला दुधी काचेचा गोल. एकूण उंची माझ्या छातीइतकी. त्याचा घरात एकच फोटो आहे. त्यात बाबा दिव्यापुढे खुर्चीवर बसले आहेत आणि मागे फक्त काचेचा गोल दिसतो, बरोबर त्यांच्या डोक्याभोवती. आई तो फोटो पाहुण्यांना दाखवायची आणि दिव्याबद्दल काही बोलायची नाही.

बाबा एवढंच सांगत की ही त्या मुलीची ठेव आहे, ती येईपर्यंत जागची हलणार नाही. बाबा सत्त्याण्णव साली गेले. अठ्ठ्याण्णव साली मी फ्रिज घेतला. फ्रिजला तोच कोपरा लागत होता.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते मला फारसं शोभत नाही. ढोल मी मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणाऱ्या विद्युल्लताकाकूंना दिला. चकती ढुंढिराजशास्त्रींच्या वेदपाठशाळेला दिली. खांबाला खिडक्यांचा उरलेला हिरवा तेलरंग दिला आणि तो न्हाणीच्या दाराशी ठोकून त्यावर गमछा वाळत घालू लागलो. काचेचा गोल एका माकडाने नेला. दोन दिवस तो समोरच्या गच्चीवर त्याच्यापाशी होता, तिसऱ्या दिवशी माकड एकटंच होतं.

हे सगळं शरदिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक होतं. ती म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, खरं काय ते कळवून टाका. मी म्हटलं, सोमनाथशास्त्रींच्या मुलाने ठेव मोडली असं परदेशात लिहून कळवायचं? ती म्हणाली, सोमनाथशास्त्रींच्या मुलाला त्यावर गमछा वाळत घालताना काही वाटलं नव्हतं. मी विषय वाढवला नाही आणि दिवा परत जुळवायचं ठरवलं.

विद्युल्लताकाकू मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. वय एकोणऐंशी. नाव वीज असलं तरी घरात एका वेळी एकच बल्ब लावतात. मी गेलो तेव्हा त्या ढोलावरच बसल्या होत्या, समोर हार्मोनियम होती आणि दोन मुली भूप घोटत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मुलींना घरी पाठवलं, दार लावलं आणि म्हणाल्या, "वासू, जमिनीवर मला बसता येत नाही आणि खुर्चीवर बसून मला गाता येत नाही. ढोल जिथे, मी तिथे."

मला वाटलं हा अलंकार असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलरिक्षा आली. ती गलीच्या तोंडाशीच थांबते, तिथून दोन माणसांनी ढोल, हार्मोनियम आणि एक वळकटी उचलून आणली आणि त्यांच्या मागून काकू आल्या. त्या आमच्याकडे तीन आठवडे राहिल्या. पहिल्या जेवणालाच त्यांनी शरदिनीला सांगितलं की वरणाला हिंग उशिरा पडतोय. त्यानंतर शरदिनी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागली. शिवाय रोज सकाळी सहा ते आठ काकूंचा रियाज. त्या दोन तासांसाठी ढोल मोकळा लागायचा, म्हणून जो काही दिवा आम्ही जुळवत होतो तो रोज उतरवून रोज चढवावा लागे.

ढुंढिराजशास्त्रींकडे जायला मला जास्त जड गेलं. ते बाबांचे शिष्य. बाबांची सगळी विद्या त्यांच्याकडे गेली आणि माझ्याकडे फ्रिजचा कोपरा आला. पाठशाळेच्या चौकात नळाशी चार विटांवर ती निळी चकती ठेवली होती आणि तिच्या भोकांत एकवीस विद्यार्थ्यांचे एकवीस टूथब्रश उभे होते, प्रत्येकाला सुतळीने बांधलेला नंबर. शास्त्रींनी चकती द्यायला लगेच होकार दिला, हेच मला आवडलं नाही. अट म्हणाल तर ब्रशांची सोय करून द्यायची. आणि जाता जाता म्हणाले, "बाई आल्या की मला बोलव, मास्तर. गुरुजींचा नियम होता, या घरात तिने संस्कृतच बोलायचं. तुला जमायचं नाही ते."

मी घरातले सगळे स्टीलचे पेले पाठशाळेत पोचवले. पुढचे तीन आठवडे आम्ही तांब्याने पाणी प्यायलो.

सुटे भाग आले आणि सल्लेही आले. आमच्या गलीत सल्ला मागावा लागत नाही, दार उघडं असलं की पुरतं. खांबाचा हिरवा रंग काढायला कुणी सरसोंचं तेल सांगितलं, कुणी गंगेच्या वाळूने घासायला सांगितलं. समोरचे यादवजी म्हणाले की तेलरंग म्हणजे पाप नव्हे, तेव्हा गंगेने तो जाईल असं धरू नका. ज्यांचा मेहुणा जर्मनीत असतो अशा एका गृहस्थांनी सांगितलं की परदेशी लोकांना मोडकं जास्त आवडतं, आहे त्याहून थोडं मोडून ठेवा. मी हसण्यावारी नेलं.

शेवटी कुशल आला. कुशल हा आमच्या भागातला बिजली-मिस्त्री, वय चाळीसच्या पुढे, आणि नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं आहे, गिऱ्हाइकांनी नाही. त्याने थिनर आणलं आणि खांबाच्या वरच्या टोकापासून घासायला घेतलं. हिरवा रंग सुटला. खालची लाल-काळी कडी दिसू लागली. मला भरून आलं. अर्धा खांब झाल्यावर शरदिनीने कामापुरतं बोलून लक्षात आणून दिलं की कुशलच्या फडक्याला आता लाल आणि काळाही लागतोय. म्हणजे रंगाबरोबर लाखही निघत होती. तिथेच थांबवलं. आता खांब वर पुसट कड्यांचा आणि खाली खिडकीसारखा हिरवा होता. काचेच्या गोलाऐवजी कुशलने बंगल्याच्या फाटकावर लावतात तसला गोल दिवा आणून बसवला, वायर ओढली आणि बटण दाबलं.

दिवा लागला. त्याच क्षणी आमच्या दाराची घंटीही वाजली, आणि दिवा चालू होता तोवर वाजत राहिली. कुशलने चार वेळा वायर उलटसुलट केली. चारही वेळा घंटी वाजली. मग तो पान लावत शांतपणे म्हणाला, "मास्टर साहब, दोनों चीज़ चल तो रही हैं."

दरम्यान म्युझियमने कळवलं होतं की दिवा देशाबाहेर न्यायचा तर ती पुरातन वस्तू नाही असा सरकारी दाखला काढून ठेवावा. मी एका दफ्तरात गेलो, तिथून दुसऱ्यात गेलो, आणि दुसऱ्यातल्या बाबूंनी मला बसायला खुर्ची दिली तेव्हाच ओळखलं की काम लांबणार. त्यांनी विचारलं, वस्तू किती जुनी? मी म्हटलं, चाळीसेक वर्षं. ते म्हणाले, पुरावा? दिव्याचा जन्मदाखला कोण काढतो? मी तो तेजोवलयाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, नमस्कार केला आणि विचारलं, यात वस्तू कुठली? मग हळहळत म्हणाले, "सौ साल पूरे हो गए होते तो आसान रहता. पुरानी चीज़ का फॉर्म है हमारे पास. नई चीज़ पुरानी नहीं है, इसका नहीं है."

चार चकरांनंतर फॉर्म निघाला. त्यात वस्तूच्या प्रकारासाठी चारच रकाने होते: मूर्ती, चित्र, नाणं, हस्तलिखित. बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आठवड्याने दाखला हाती आला. त्यावर शिक्क्यानिशी लिहिलं होतं: "एक अदद आधुनिक मूर्ति, खंडित, पूजन योग्य नहीं." मी तो घेऊन घरी आलो. इतकी वर्षं सरकारी अनुदानित शाळेत नोकरी केल्यामुळे मला शिक्का असलेल्या कागदाशी वाद घालता येत नाही.

बाई आल्या त्या नावेने. घाटाच्या पायऱ्या त्या माझ्यापेक्षा बऱ्या चढल्या. वय अडुसष्ट, केस पांढरेशुभ्र आणि आखूड, पायांत कापडी बूट. बरोबर म्युझियमची मुलगी, हातात काळी फाईल. बाईंनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि संस्कृतात एक लांब वाक्य बोलल्या. मला त्यातलं 'गृहम्' कळलं. ढुंढिराजशास्त्री नवं उपरणं घेऊन आधीच येऊन बसले होते. ते उठले, त्यांनी त्याहून लांब वाक्यात उत्तर दिलं, आणि दोघंही हसले. माझ्याच घरात, माझ्याच वडिलांच्या भाषेत, काय हसण्यासारखं आहे ते मला समजत नव्हतं. मी सरबत पुढे केलं.

दिव्यावर शरदिनीची जुनी पैठणी टाकली होती. ती मी बाजूला केली. कुशलने बटण दाबलं. दिवा लागला, घंटी वाजू लागली, आणि विद्युल्लताकाकू दार उघडायला उठल्या. बाईंनी दिव्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. मग थांबून त्यांनी मला, शास्त्रींना नव्हे, विचारलं, "किमिदम्?"

हे मला कळलं. हे काय आहे.

शास्त्रींनी पुढे होऊन बोलायला सुरुवात केली. ते बरंच बोलले. त्यात 'दन्तधावन' असा शब्द दोनदा आला आणि माझे कान तापले. एकवीस ब्रशांची गोष्ट हा माणूस रंगवून सांगत होता. काकू कुठे बसायच्या तेही त्याने हार्मोनियमकडे बोट दाखवून सांगितलं असावं. मला वाटलं, आता माझ्या तोंडून जायला हवं, नाहीतर ही गोष्ट माझी राहायची नाही.

मी म्हटलं, "शास्त्री, त्यांना सांगा. बाबांनी शेवटपर्यंत सांभाळला. मोडला तो मी. फ्रिज ठेवायला."

शास्त्री थांबले. मला वाटलं त्यांना माझी कीव आली असेल. पण ते फ्रिजला शब्द शोधत होते. मग 'शीतपेटिका' म्हणाले आणि वाक्य पुरं केलं.

 बाईंनी कुशलला बटण बंद करायला सांगितलं, घंटी थांबली. मग त्यांनी काचेच्या गोलासकट खांब उचलून खाली जमिनीवर ठेवला. चकती उचलून खिडकीत ठेवली. आणि ढोल सरकवत सरकवत फ्रिजच्या शेजारी नेला आणि त्यावर बसल्या. गुडघे जुळवून, पाठ ताठ, शाळेतल्या मुलीसारख्या. हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं आणि शास्त्रींनी ते मराठीत आणलं. त्यांना मांडी घालता येत नसे, म्हणून गुरुजींनी ढोल करून घ्यायला परवानगी दिली होती. तो ढोल म्हणजे त्यांचं आसन होतं. चकती त्यांनी चित्रांचे ब्रश वाळत ठेवायला केली होती. दिवा म्हणजे फक्त खांब आणि गोल. तो जमिनीवर, बाबांच्या पोथीशेजारी असायचा. बाई गेल्यावर जागा वाचवायला बाबांनी तिन्ही वस्तू एकावर एक रचल्या असणार. ते बाबांचं आवरणं होतं. मी त्याला कलाकृती समजून दहा वर्षं सांभाळलं आणि नंतर पंचवीस वर्षं लाजत राहिलो.

मी हिशेब लावला. काकूंनी आसन आसन म्हणून वापरलं होतं. पाठशाळेने ब्रश ठेवायच्या चकतीत ब्रश ठेवले होते. तिन्ही घरांत मिळून वस्तू बिघडवली होती ती एकाच घराने, आणि ते माझं होतं.

बाईंनी नखाने खांबाचा हिरवा रंग खरवडून बघितला. मग खिडकीकडे बघितलं आणि शास्त्रींना काहीतरी म्हणाल्या. शास्त्री म्हणाले, "खिडकीचाच रंग आहे का, विचारते." मी हो म्हटलं. त्या पुन्हा बोलल्या. शास्त्री म्हणाले, "म्हणते, असाच राहू दे. दिवा घरात राहिलाय हे त्यावरून कळतं."

मी शास्त्रींना दोनदा विचारलं, नक्की असंच म्हणाल्या का. त्यांना राग आला. म्युझियमच्या मुलीने फाईल उघडली आणि स्थिती या रकान्यात ती वीस मिनिटं लिहीत होती.

निघताना बाईंनी एकच प्रश्न विचारला, गुरुजी तो लावत असत का. याचं उत्तर मला माहीत होतं. बाबा तो रोज दिवेलागणीला लावायचे, 'शुभं करोति' म्हणून होईपर्यंत ठेवायचे आणि मग उगाच वीज जळते म्हणून बंद करायचे. शास्त्रींनी सांगितल्यावर बाई मोठ्याने हसल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले. काकू तेवढ्यात म्हणाल्या की वीज वाचवणारा असा एकच पुरुष त्यांनी पाहिला.

दिवा, अर्धा हिरवा, मिलानला गेला. दाखल्यात खंडित मूर्ती लिहिलेली असल्यामुळे विमानतळावरच्या माणसाने पेटी उघडलीच नाही, वरून हात जोडले. ढोल मागायचं धाडस म्युझियमला झालं नाही, काकू त्यावर बसून होत्या. त्या ढोलासकट घरी गेल्या आणि शरदिनी माझ्याशी इतर विषयांवरही बोलू लागली. चकती पाठशाळेत गेली आणि पेले परत आले, त्यांना अजून टूथपेस्टचा वास येतो.

बाईंची पत्रं मात्र येऊ लागली, देवनागरीत आणि संस्कृतात, गुरुजींचा नियम म्हणून. पहिली दोन मी निमूटपणे ढुंढिराजशास्त्रींकडे नेली. ते ती चौकात उभे राहून मोठ्याने वाचायचे, अर्थ सांगायचे, मध्ये व्याकरण समजवायचे. दुसऱ्या पत्रात बाईंनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली होती. 'जानु' या शब्दाची रूपं एकवीस मुलांनी माझ्याकडे बघत म्हटली.

तेव्हापासून मी सकाळी पाठशाळेत बसतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांत, तिसऱ्या रांगेत. शास्त्री मला मास्तर म्हणत नाहीत, 'वासुदेव, वद' म्हणतात. पहिल्या परीक्षेत बावीस जणांत माझा अठरावा नंबर आला. शरदिनीने तो कुणाला सांगितला नाही, हे तिचे उपकार.

गेल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. एका बाजूला दिव्याचा फोटो, पांढऱ्या चौथऱ्यावर, खिडकीच्या रंगासकट. दुसऱ्या बाजूला एकच ओळ: "भवतः पितुः दीपः अत्र प्रतिदिनं ज्वलति।" मी ते शास्त्रींकडे नेलं नाही. गच्चीवर गेलो आणि स्वतः अर्थ लावला. आपल्या वडिलांचा दिवा इथे रोज. माझ्या आयुष्यात मी दुसऱ्याच्या मदतीशिवाय वाचलेलं हे पहिलं संस्कृत वाक्य, आणि त्यात बाबा होते. मी बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसलो. माकडांनी गहू खाल्ले असावेत, मी बघितलं नाही.

अडतं ते फक्त शेवटच्या शब्दाशी. 'ज्वलति' म्हणजे लागतो, की पेटतो? म्युझियमने आधीच कळवलंय की वायरिंग त्यांनी जसंच्या तसं ठेवलंय, आणि ते कुशलने केलेलं आहे. शरदिनी म्हणते लागतो असंच असणार, रोज कसा पेटेल. तिचं म्हणणं पटण्यासारखं आहे. शास्त्रींना विचारलं तर एका मिनिटात उलगडा होईल, पण ते मी करणार नाही. मी बाईंनाच संस्कृतात पत्र लिहून विचारलंय. उत्तर यायचंय.